किरणोत्सर्गाचा रुग्ण कोल्हापुरात दारात आला तर: कॅज्युअल्टीची तयारी

रंकाळा_कॅज्युअल्टी

हा विषय काढला की लोक लगेच बॉम्बवर जातात. बॉम्ब बाजूला ठेवूया. कैगा अणुवीज केंद्र इथून सरळ रेषेत २०० किलोमीटरच्या आसपास आहे, तारापूर त्याहून बरंच लांब, आणि जैतापूरची अणुभट्टी अजून उभी राहिलेली नाही. आपल्याकडे अणुवीज केंद्राभोवतीचं आणीबाणी नियोजन क्षेत्र १६ किलोमीटर त्रिज्येचं धरतात. कोल्हापूर त्यात येत नाही.

येतं ते वेगळ्या दारानं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, या पट्ट्यातल्या फाउंड्र्या रोज भंगार वितळवतात. कास्टिंग आणि वेल्डिंग तपासायला गॅमा रेडिओग्राफी लागते. भंगारात चुकून आलेला सोर्स (किरणं देणाऱ्या द्रव्याची बंद कुपी) किंवा रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यातून निसटलेला सोर्स, ही आपल्यासाठी खरी शक्यता आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच घडलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं गॅमा यंत्र लिलावात गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं, आतलं कोबाल्ट-६० बाहेर आलं, एक माणूस दगावला आणि बाकीच्यांना गंभीर इजा झाल्या.

असा रुग्ण सीपीआरला (इथल्या सरकारी रुग्णालयात) येईल, नाहीतर त्याआधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जाईल. म्हणून ज्याला जे नेमकं माहीत आहे ते इथे लिहा. सुरुवात मी करतो.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवा, नाहीतर सगळा गोंधळ होतो. पहिली, बाहेरून किरणांचा मारा बसला: सोर्स खिशात होता किंवा जवळ होता, पण अंगाला काही लागलेलं नाही. असा रुग्ण स्वतः किरणोत्सारी नसतो. एक्स-रे काढून आलेल्या माणसासारखाच तो हाताळायचा, त्याला आंघोळ घालायची गरज नाही. दुसरी, अंगावर, कपड्यांवर, केसांत किरणोत्सारी धूळ आहे. तिसरी, ती धूळ श्वासातून, तोंडातून किंवा जखमेतून आत गेली आहे. दारातल्या माणसानं पहिला प्रश्न हाच विचारायचा: सोर्स फुटला होता की अखंड होता?

आणि कुठल्याही प्रकारात श्वास, रक्तस्राव, शॉक हे आधी. मोजमाप नंतर. किरणोत्सर्गानं पहिल्या तासात माणूस सहसा मरत नाही, रक्तस्रावानं मरतो.

शिरोली_क्वालिटी

डॉक्टर, सोर्सबद्दल मी सांगतो.

रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा इरिडियम-१९२ असतं. अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, ७४ दिवसांचं. सोर्स म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेली छोटी धातूची कुपी, तिला पिगटेल म्हणतात. कॅमेऱ्याच्या आत ती डिप्लिटेड युरेनियमच्या कवचात असते. फोटो काढताना केबलनं ती गाइड ट्यूबमधून बाहेर ढकलतात आणि परत ओढतात. अपघात इथेच होतो. पिगटेलचा जोड नीट बसलेला नसतो, ड्राइव्ह केबल मोकळीच परत येते, सोर्स ट्यूबमध्ये किंवा जमिनीवर राहतो. ऑपरेटरनं सर्व्हे मीटर घेऊन कॅमेऱ्यापर्यंत आणि ट्यूबच्या टोकापर्यंत जाऊन खात्री केली नाही की झालं. मागनं येणाऱ्या कामगाराला चकचकीत धातूचा तुकडा दिसतो आणि तो उचलून खिशात टाकतो.

आकडे समजून घ्या, म्हणजे गांभीर्य कळेल. ४० क्युरीच्या इरिडियम सोर्सपासून १ मीटरवर ताशी साधारण ०.२ ग्रे (क्युरी म्हणजे सोर्सची ताकद, ग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या माऱ्याचं माप). अंतर शंभरपट कमी झालं की मारा दहा हजारपट वाढतो, म्हणजे १ सेंटीमीटरवर मिनिटाला ३० ग्रेच्या आसपास. हा ढोबळ हिशेब आहे, पण बोटांत मिनिटभर धरला तरी ते बोट वाचणं कठीण, हे त्यातून कळतं. वर्षभर कुठेतरी पडून राहिलेला तोच सोर्स साधारण तिसाव्या हिश्शावर येतो, तरीही १ सेंटीमीटरवर मिनिटाला १ ग्रे देतो. 'जुना झालाय, काय होत नाही' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पेरूत यानांगो इथे १९९९ साली एका वेल्डरनं ३७ क्युरीचा इरिडियम सोर्स पँटच्या मागच्या खिशात काही तास ठेवला. शेवटी त्याचा पाय काढावा लागला.

आता भट्टीचं. भंगारातला सोर्स भट्टीत गेला तर तो कुठे जातो हे मूलद्रव्यावर ठरतं. कोबाल्ट आणि इरिडियम लोखंडात मिसळून कास्टिंगमध्ये जातात. सिझियम-१३७ उडून धुरात जातं आणि बॅग फिल्टरच्या धुळीत साठतं. अमेरिसियम स्लॅगमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीत, जातं. १९९८ मध्ये स्पेनमध्ये असं सिझियम भट्टीतून हवेत गेलं होतं. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं, ते पोलाद भारतातून गेलेलं होतं. दवाखान्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की सिझियम वितळलं असेल तर बॅग फिल्टर साफ करणारा आणि धूळ पोत्यात भरणारा माणूस सगळ्यात आधी तपासायचा. कोबाल्टचं प्रकरण असेल तर फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) करणारा, ग्राइंडरवाला.

फॅक्टरीतून कोण आलं तर एवढं विचारून घ्या: कुठलं मूलद्रव्य, किती क्युरी आणि कुठल्या तारखेला मोजलेलं, सोर्स अखंड आहे का, तो आत्ता कुठे आहे, हा माणूस त्याच्यापासून किती अंतरावर किती वेळ होता. कॅमेऱ्यावर पाटी असते, तिचा मोबाइलवर फोटो मागवा. पण त्यासाठी कुणाला परत आत पाठवू नका.

मापक

रेडिओथेरपी विभागात काम करणाऱ्यांकडे हे साहित्य आणि ज्ञान दोन्ही असतं. ज्या रुग्णालयात रेडिओथेरपी आहे तिथे मेडिकल फिजिसिस्ट असतो आणि बहुधा तोच आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी) असतो. त्याचा रात्रीचा नंबर कॅज्युअल्टीच्या भिंतीवर पाहिजे. आज आपल्याकडे कुठल्या कॅज्युअल्टीत तो लावलेला असेल तर कळवा, मला मनापासून आनंद होईल.

मीटर दोन प्रकारचे लागतात आणि दोघांची कामं वेगळी आहेत. अंगावरची धूळ शोधायला पातळ खिडकीचा पॅनकेक जीएम प्रोब (गायगर काउंटरचा चपटा शोधक). खोलीतला मारा मोजायला जास्त पल्ल्याचा सर्व्हे मीटर किंवा आयन चेंबर. साध्या जीएमचा मोठा धोका असा की फार तीव्र मारा असेल तर ट्यूब गुदमरते आणि काटा शून्यावर येतो. मीटर लांबूनच चालू करून जवळ जायचं, म्हणजे आधी वाढून मग पडणारा आकडा दिसतो. सोर्सच्या शेजारी जाऊन चालू केला तर तो तुम्हाला सरळ फसवेल.

उलटंही होतं. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली बंद पडलेल्या रेडिओथेरपी दवाखान्यातून सिझियमचा सोर्स चोरीला गेला. तपासायला आलेल्या भौतिकतज्ज्ञाच्या मीटरचा काटा कुठेही वळवला तरी पूर्ण टोकाला जात होता. त्याला वाटलं मीटर बिघडलाय, म्हणून तो दुसरा आणायला गेला. मीटर बरोबर होता. चोरी १३ सप्टेंबरची, उलगडा २९ सप्टेंबरला. तोवर चार जणांचा जीव वाचण्याची वेळ निघून गेली होती.

सेल मीटरमध्ये ठेवून विसरू नका, ते गळतात. सेल वेगळ्या पिशवीत, कॅलिब्रेशनची तारीख बाहेर चिकटवलेली. प्रोबवर पातळ पॉलिथिन लावा, म्हणजे प्रोबलाच धूळ लागणार नाही. अल्फा देणारं द्रव्य असेल तर मात्र ते पॉलिथिन अल्फा अडवतं, तेव्हा ते काढून मोजायचं.

सुरुवातीला रिकाम्या खोलीतलं पार्श्वभूमीचं, म्हणजे तिथे नेहमीच असणाऱ्या किरणोत्सर्गाचं, मोजमाप लिहून ठेवा. आपला काळा दगड बेसाल्ट आहे, त्यात युरेनियम-थोरियम कमी, त्यामुळे इथली पार्श्वभूमी ग्रॅनाइटच्या प्रदेशापेक्षा कमी असते. नव्या इमारतीत ग्रॅनाइटची फरशी असेल तर तिथे आकडा वेगळा येईल. ज्या खोलीत रुग्ण घेणार त्याच खोलीत मोजा.

रुग्ण तपासताना प्रोब अंगापासून १ ते २ सेंटीमीटरवर, सेकंदाला २ ते ५ सेंटीमीटर वेगानं. घाईत फिरवला की ठिपका सुटतो. डोकं, चेहरा, हात, तळवे, बुटांचे तळ यांच्यावर जास्त वेळ द्या. शरीराचं चित्र छापलेल्या कागदावर आकडे मांडत जा.

सिस्टर_कसबा_बावडा

मापक सर, धुण्याची पद्धत मी लिहिते, चुकलं तर दुरुस्त करा.

ट्रॉलीवर दोन चादरी आधीच अंथरायच्या. रुग्ण दारातच चादरीत गुंडाळून घ्यायचा म्हणजे धूळ उडत नाही. बाहेरचे कपडे काढले की अंगावरची ८० ते ९० टक्के घाण निघून जाते, म्हणून आधी कपडे, मग पाणी. शर्ट डोक्यावरून ओढून काढायचा नाही, कात्रीनं कापायचा. वरून खाली कापत जाऊन कपडा आतल्या आत गुंडाळायचा. दुहेरी पिशवी, त्यावर नाव, वेळ, जागा. पिशवी टाकून द्यायची नाही. मोबाइल, पाकीट, घड्याळ, दागिने वेगळ्या पिशवीत, त्यांचंही मोजमाप होतं.

मग क्रम: आधी जखमा, मग नाक-तोंड-डोळे, शेवटी साधी त्वचा. जखम सलाइननं धुवायची आणि पाणी आत जाणार नाही अशा ड्रेसिंगनं झाकायची, मगच बाकीचं अंग. डोळा धुताना नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे धार सोडायची, म्हणजे घाण अश्रुनलिकेत जात नाही. दोन्ही नाकपुड्यांतून वेगवेगळे स्वॅब घ्यायचे, धुण्याआधी, आणि शक्यतो पहिल्या तासात. आत किती गेलं असेल याचा अंदाज त्यावरून येतो. उशीर झाला किंवा नाक शिंकरलं की तो पुरावा गेला.

पाणी कोमट. गरम पाण्यानं त्वचेचा रक्तप्रवाह वाढतो, थंड पाण्यानं छिद्रं बंद होऊन घाण आत अडकते. साधा साबण, मऊ कापड. ब्रश नाही, खरवडणं नाही, दाढी किंवा केस भादरणं नाही. कातडी सोलली तर बाहेरची घाण आत जायला आपणच वाट करून देतो. केस शाम्पूनं, डोकं मागे झुकवून, कंडिशनर अजिबात नाही.

थांबायचं कधी? आकडा पार्श्वभूमीच्या दुपटीखाली आला तर, किंवा पुन्हा धुतल्यावर १० टक्क्यांपेक्षाही कमी फरक पडत असेल तर. उरलेलं त्वचेत बसलेलं असतं, ते काही दिवसांत कातडीबरोबर निघतं. तोवर हातावर असेल तर हातमोजा घालून ठेवायचा.

आपल्यासाठी गाऊन, टोपी, मास्क, बुटांवर कव्हर, दोन जोड हातमोजे. आतला मोजा बाहीला टेपनं चिकटवलेला, बाहेरचा प्रत्येक टप्प्याला बदलायचा. लेडचा एप्रन घालू नका. एक्स-रेसाठी तो चालतो, पण कोबाल्ट किंवा सिझियमच्या गॅमापुढे त्याचा जवळजवळ उपयोग नाही, आणि वजनानं कामाचा वेग मात्र कमी होतो. गरोदर सिस्टर, मावशी, डॉक्टर यांना या खोलीत ड्यूटी नको.

पंचगंगा_काठ

मी डॉक्टर नाही, पण प्रश्न आहे. हे धुतलेलं पाणी गटारात गेलं की शेवटी पंचगंगेतच जाणार ना? शहराचं पाणी आधीच काय कमी खराब होतं?

मापक

काका, प्रश्न रास्त आहे. नियम असा की रुग्णाला धुणं पाण्यासाठी थांबवायचं नाही. शक्य असेल तिथे पाणी टबात किंवा ड्रममध्ये साठवा, मोजा, आणि मग अणुऊर्जा नियामक मंडळाच्या सल्ल्यानं सोडा. दोन-चार रुग्णांच्या बाबतीत हे जमतं, कारण ट्रॉलीवर ओल्या कापडानं पुसून काम केलं तर माणशी पाणी थोडंच लागतं. शंभर माणसं शॉवरखाली आली तर साठवणं शक्य नाही. तेव्हा पाणी सोडायचं आणि महापालिकेच्या ड्रेनेज विभागाला लगेच कळवायचं. माणसाच्या कातडीवरची घाण तशी कमीच असते आणि पाण्यात ती विरळ होते. सोर्स फुटलेली जागा पावसात उघडी राहणं हा नदीच्या दृष्टीनं कितीतरी मोठा धोका आहे. काळजी तिथली करा: वर ताडपत्री, भोवती बांध.

मेडिसिन_शेंडापार्क

आता खरा कस लागतो त्या भागाकडे येतो. अंग स्वच्छ झालं म्हणून रुग्ण सुटला असं नाही. बाहेरून मारा बसलेल्यात तर धुण्यासारखं काही नसतंच. त्याची परीक्षा घड्याळ आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) यांच्यावर.

उलटी पहिल्यांदा कधी झाली ते मिनिटांत लिहा. पूर्ण शरीराला मारा बसला असेल तर २ तासांनंतर उलटी म्हणजे साधारण १ ते २ ग्रे, १ ते २ तासांत म्हणजे २ ते ४, तासाच्या आत ४ ते ६, अर्ध्या तासाच्या आत ६ ते ८, १० मिनिटांत म्हणजे ८ च्या वर. पण भीतीनंही उलटी होते, बाहेर खाल्लेल्या वड्यानंही होते. एकट्या उलटीवर निर्णय घेऊ नका.

सीबीसी लगेच एक, मग पहिले ४८ तास दर ६ तासांनी. बघायचा आकडा लिम्फोसाइटचा (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). टक्केवारी वाचून पुढे जाऊ नका. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले लिम्फोसाइटची टक्केवारी भागिले १०० करून खरा आकडा काढा. सुरुवातीला न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढतात, त्यामुळे एकूण काउंट नॉर्मल किंवा वाढलेला दिसतो आणि 'इन्फेक्शन आहे, अँटिबायोटिक द्या' म्हणून रुग्ण घरी जातो. उदाहरण घ्या: एकूण ११,०००, लिम्फोसाइट ८ टक्के. कागदावर किरकोळ वाढ वाटते. खरा आकडा ८८०. ४८ तासांत १,००० च्या खाली गेला तर मारा गंभीर, ५०० च्या खाली गेला तर अतिगंभीर. २४ तासांत उलटी नाही आणि ४८ तासांनी लिम्फोसाइट ठीक, तर मोठा मारा बसलेला नाही असं धरून घरी सोडता येतं, पुढच्या तपासणीची तारीख देऊन.

क्रोमोसोम तपासणीसाठी, म्हणजे डायसेंट्रिक (मारा बसून बिघडलेले क्रोमोसोम) मोजण्यासाठी, मारा बसल्यानंतर साधारण २४ तासांनी १० मिलिलिटर रक्त लिथियम हेपरिनच्या हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाची ट्यूब चालत नाही, कारण पेशी वाढवून बघायच्या असतात. गोठवायचं नाही, बर्फावर थेट ठेवायचं नाही, खोलीच्या तापमानाला पाठवायचं, डब्यावर 'एक्स-रे करू नये' असं ठळक लिहायचं. ही तपासणी भाभा अणुसंशोधन केंद्रात होते. पेशी वाढवायलाच ४८ तास लागतात, तेव्हा अहवालासाठी उपचार थांबवायचे नाहीत.

२ ग्रेच्या वरचा अंदाज असेल तर फिलग्रास्टिम (पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) लवकर, शक्यतो पहिल्या २४ तासांत. मात्रा रोज किलोला १० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ६००, म्हणजे ३०० च्या दोन व्हायल रोज. पेगफिलग्रास्टिम असेल तर ६ मिलिग्रॅम, आठवड्याच्या अंतरानं दोनदा. ही दोन्ही औषधं परदेशातून मागवायची नाहीत. केमोथेरपी चालते तिथल्या फार्मसीत ती रोज विकली जातात. २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात एवढंच. न्यूट्रोफिल सलग तीन तपासण्यांत १,००० च्या वर राहीपर्यंत चालू.

शस्त्रक्रिया लागणार असेल, हाड जोडायचं असेल, पोट उघडायचं असेल, तर पहिल्या ३६ ते ४८ तासांत उरकायची. त्यानंतर पेशी पडतात, जखम भरत नाही, जंतू शिरतात. मग अस्थिमज्जा सावरेपर्यंत, म्हणजे आठवडेच्या आठवडे, वाट पाहावी लागते. भाजलेल्या किंवा अपघातग्रस्त रुग्णाला हाच मारा बसला असेल तर त्याची तब्येत दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त खालावते.

उपचाराविना साधारण ३.५ ते ४ ग्रेला अर्धे रुग्ण ६० दिवसांत दगावतात. नीट निगा, अँटिबायोटिक, रक्तघटक मिळाले तर ही रेषा ५-६ पर्यंत सरकते. हे दोन आकडे लक्षात ठेवा. त्यांच्यामधली बरीच माणसं साध्या, चांगल्या वॉर्डकामानं वाचतात.

रक्तघटक

मेडिसिन सरांच्या मुद्द्याला जोडून. या रुग्णांना दिलं जाणारं लाल रक्त आणि प्लेटलेट २५ ग्रे देऊन इरॅडिएट केलेले पाहिजेत. नाहीतर दात्याच्या लिम्फोसाइट कमजोर झालेल्या रुग्णाच्या शरीरावरच उलटतात आणि त्यातून रुग्ण जवळजवळ नक्की जातो. शहरात ब्लड इरॅडिएटर कुठे चालू आहे हे आधी विचारून ठेवा. जवळ नसेल तर रेडिओथेरपीच्या लिनॅक यंत्रावर पिशव्या इरॅडिएट करण्याची लेखी व्यवस्था ठेवता येते. तेही आणीबाणीत ठरवण्याचं काम नाही. प्लाझ्माला याची गरज नसते.

नातेवाईक लगेच रक्त द्यायला पुढे येतात, कोल्हापूरकर तर येतातच. पण अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर सख्ख्या भावंडांचं, आईवडिलांचं रक्त देऊ नका. पुढे त्यांचीच मज्जा लागेल आणि शरीर ती नाकारेल. भावाला रांगेत न उभं करता एचएलए तपासणीला (मज्जा जुळते का ते बघायला) पाठवा.

गल्लीतला_डॉक्टर

हे सगळं मोठ्या दवाखान्याचं झालं. आमच्याकडे रुग्ण हात दाखवायला येतो, 'दोन आठवड्यांपूर्वी काहीतरी चावलं' म्हणत. ते ओळखायचं कसं?

त्वचा_राजारामपुरी

हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. गोयानियातही पहिल्यांदा ॲलर्जी आणि उष्ण कटिबंधातला आजार समजून उपचार झाले.

किरणोत्सर्गानं भाजलेलं दुखत नाही, निदान तेव्हा तरी नाही. चटका बसल्याची आठवण रुग्णाला नसते, कारण बसलेलाच नसतो. काही तासांत थोडी लाली, खाज, मुंग्या येतात, एक-दोन दिवसांत जातात. मग शांत काळ. दोन-तीन आठवड्यांनी लाली परत येते आणि आता ती टिकते, पुढे फोड, पाणी, व्रण. साध्या भाजण्यात असं मधलं मोकळं अंतर नसतं. चाव्यातही नसतं.

त्वचेवरून मारा किती ते अंदाजता येतं. त्या जागेचे केस गळले तर ३ ग्रेच्या आसपास, टिकणारी लाली ६ पासून, कोरडी साल १० ते १५, पाणी सुटणारे फोड १५ ते २० च्या वर, कातडी मरते २५ च्या पुढे. फोड जेवढे लवकर, तेवढा मारा जास्त.

जागा बघा. अंगठा आणि तर्जनीची टोकं, मांडीचा पुढचा किंवा मागचा भाग, कुल्ला, छातीवर खिशाची जागा. काम विचारा: भंगार, फाउंड्री, वेल्डिंग, एनडीटी (धातू न फोडता केलेली तपासणी), बांधकामावरची पाइपलाइन. घरात आणखी कुणाला मळमळ, केस गळणं, तोंड येणं? इजिप्तमध्ये मीत हाल्फा गावात २००० साली सापडलेला इरिडियम सोर्स घरी नेला गेला आणि बाप आणि मुलगा दोघेही गेले. एकाच घरातले दोघे-तिघे काउंट कमी घेऊन आले तर डेंग्यू म्हणण्याआधी हे आठवा. डेंग्यूतही पेशी पडतात, म्हणून पावसाळ्यात हे निसटण्याची भीती जास्त.

हात लावायची पद्धत: रोज त्याच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो. फोड फोडायचे नाहीत. घाईनं कापाकापी नाही, कारण मेलेल्या भागाची हद्द आठवडे-महिने सरकत राहते. आज काढलेल्या बोटाच्या पुढे उद्या परत मरतं. दुखणं पुढे असह्य होतं, वेदनाशामकात कंजुषी नको. ॲस्पिरिन आणि स्नायूतली इंजेक्शनं टाळा, प्लेटलेट पडणार आहेत.

उचगाव_आई

आयोडीनच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात का? आमच्या ग्रुपवर फिरतंय.

मेडिसिन_शेंडापार्क

ताई, नको. पोटॅशियम आयोडाइड फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून फक्त थायरॉइडला वाचवतं, आणि ते आयोडीन अणुभट्टीच्या अपघातात बाहेर पडतं. कोबाल्ट, इरिडियम, सिझियमला त्याचा शून्य उपयोग, आणि आपल्याकडे शक्यता त्यांचीच. प्रशासनानं सांगितलं तरच मोठ्यांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १८ वर्षांना ६५, महिना ते ३ वर्षं ३२, तान्ह्या बाळाला १६. वेळ चुकली तरी फायदा नाही: संपर्काच्या आधी किंवा पहिल्या काही तासांत. दिवस उलटून गेल्यावर दिली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. चाळिशीनंतर कर्करोगाचा धोका कमी आणि गोळीचा त्रास जास्त, म्हणून सरसकट नाही. आणि जखमेवर लावायचं बीटाडिन किंवा टिंक्चर कुणी पिऊ नका, आयोडीनयुक्त मीठ मूठभर खाऊ नका.

औषध_भांडार

साठ्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. लोक डीटीपीए (आत गेलेलं किरणोत्सारी द्रव्य शरीराबाहेर काढणारं औषध) मागतात, कारण परदेशी यादीत ते वर असतं. ते प्लुटोनियम, अमेरिसियम, क्युरियमसाठी: पहिल्या दिवशी कॅल्शियम डीटीपीए १ ग्रॅम शिरेतून सावकाश, पुढच्या दिवसापासून झिंक डीटीपीए रोज १ ग्रॅम. गरोदर बाईला सुरुवातही शक्यतो झिंकनं. कोल्हापुरात त्याची वेळ येण्याची शक्यता फार कमी. ते केंद्रीय साठ्यातून मागवायची वाट लिहून ठेवा, जागा अडवू नका.

प्रशियन ब्लू मात्र मागा. सिझियम आणि थॅलियमसाठी. पातळी आणि घनता मोजणाऱ्या गेजमध्ये सिझियम-१३७ असतं, आणि बंद कारखान्याच्या लिलावात ती गेजेस भंगारात येतात. मोठ्यांना ३ ग्रॅम दिवसातून तीनदा, २ ते १२ वर्षांच्या मुलांना १ ग्रॅम तीनदा. सिझियमचं शरीरातलं अर्धायुष्य ११० दिवसांवरून ३० पर्यंत येतं. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल धरल्या तर एका माणसाला दिवसाला १८, किमान ३० दिवस, म्हणजे ५४०. पाच रुग्णांना २,७००. एवढं कुणी एका रुग्णालयात ठेवणार नाही, पण पहिल्या तीन दिवसांचं, पाच रुग्णांसाठी २७० कॅप्सूल, जिल्ह्यात कुठेतरी असणं शक्य आहे. शौच निळी होते, ते आधी सांगा. बद्धकोष्ठता होते आणि पोटॅशियम पडतं, ते तपासा. शौच-लघवी साठवून मोजावी लागते.

फिलग्रास्टिमचं गणित: पाच रुग्ण, दोन व्हायल, तीन दिवस, ३० व्हायल. केमोच्या चालू साठ्यात हे धरून जुन्या आधी वापरत गेलात तर मुदत संपून काहीच वाया जात नाही.

तीन दिवस का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि पुण्याकडची वाट बंद झाली. पुरात मदत येत नाही असं धरूनच साठा मोजला पाहिजे. मीटर, पिशव्या, सूट हे तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये ठेवू नका.

रंकाळा_कॅज्युअल्टी

पटलं. गर्दीचा एक मुद्दा राहतो. गोयानियात १,१२,००० लोक स्टेडियमवर तपासून घ्यायला आले, प्रत्यक्ष दूषित निघाले २४९. आपल्याकडे बातमी फुटली की सगळे सीपीआरच्या दारात येतील आणि खरा रुग्ण रांगेत अडकेल. तपासणीची जागा रुग्णालयापासून वेगळी हवी. शिवाजी विद्यापीठाचा परिसर उंचावर आहे, पुराचं पाणी तिथे जात नाही, हायवेही जवळ. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात अशी जागा नावानिशी लिहिलेली पाहिजे, आणि १०७७ वर बसणाऱ्याला ती माहीत पाहिजे. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे, त्यांच्याकडे यासाठी प्रशिक्षित माणसं असतात. पण ती पोहोचेपर्यंतचे तास आपलेच.

मापक

सरावासाठी किरणोत्सारी काही लागत नाही. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली चमकणारी पावडर स्वयंसेवकाच्या कपड्यांवर, केसांवर टाका, सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे कपडे कापून, पुसून काढा आणि मग अंधारात टॉर्च मारा. पावडर ट्रॉलीच्या दांड्यावर, दाराच्या कडीवर, फोनवर कुठे गेली ते सगळ्यांना दिसतं. बाहेरचा हातमोजा न बदलता फोन उचलणं ही चूक हमखास सापडते.

एक सुटलं. जखमेत सोर्सचाच तुकडा रुतलेला असेल तर तिथला मारा प्रचंड असू शकतो. बोटांनी काढायचा नाही. लांब चिमटा, तयार ठेवलेलं शिशाचं भांडं, काम आळीपाळीनं, बाकीचे दोन मीटर मागे.

सिस्टर_कसबा_बावडा

बरोबर सर. भांडं नसेल तर तुकडा कुठे ठेवायचा?

मापक

रेडिओथेरपी किंवा न्यूक्लिअर मेडिसिनमधून शिशाचं भांडं आधीच मागून ठेवायचं. तेही नसेल तर धातूच्या डब्यात टाकून रिकाम्या खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात, दार बंद, बाहेर माणूस उभा. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो.

रंकाळा_कॅज्युअल्टी

रुग्णाच्या ट्रॉलीला बांधायच्या कार्डावर मी एवढे रकाने धरलेत: येण्याची वेळ, संपर्काची तारीख-वेळ, मूलद्रव्य आणि क्युरी, अंतर आणि अवधी, पहिल्या उलटीची वेळ, पार्श्वभूमीचा आकडा, धुण्याआधी आणि प्रत्येक धुण्यानंतरचा आकडा, नाकाचे स्वॅब डावा-उजवा, लिम्फोसाइटचे नऊ रकाने, पहिला आल्याआल्याचा आणि पुढचे सहा-सहा तासांचे, हिरव्या ट्यूबची वेळ, फिलग्रास्टिमचा पहिला डोस, वजन. कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात. आणखी काही घालायचं असेल तर रविवारपर्यंत लिहा, सोमवारी छापायला देतो.

रक्तघटक

दोन घाला. रक्तगट, आणि 'फक्त इरॅडिएटेड रक्तघटक' हे लाल शाईत.

मेडिसिन_शेंडापार्क

आणि बायकांसाठी शेवटच्या पाळीची तारीख. गरोदर असेल तर डीटीपीए कुठलं द्यायचं ते त्यावर ठरतं, आणि गर्भाला किती मारा बसला याचा हिशेब वेगळा करावा लागतो.